सुरुंगांची खातेवही

एप्रिल १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेने साताऱ्याच्या किल्ल्याखाली दोन सुरुंग भरले. पहिला उडाला तेव्हा गडावरची माणसं ढिगाऱ्याखाली गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभूही त्यात गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसरा उलटला. तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि हल्ल्याच्या तयारीने खाली थांबलेले सुमारे दोन हजार मोगल शिपाई त्याखाली चिरडले गेले.

सुरुंग हा शब्द त्याहून कितीतरी जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली ‘सुरुंगा’ म्हणजे साधं भुयार. अभ्यासक तिचं मूळ ग्रीक ‘सिरिंक्स’मध्ये, म्हणजे नळीत, शोधतात. डॉक्टरांची सिरिंज ही याच सुरुंगाची चुलत बहीण. आधी भुयार, मग भुयारात ठासलेली दारू, शेवटी नुसती दारूच, असा शब्दाचा अर्थ आक्रसत गेला. साताऱ्याच्या सुरुंगाला निदान वात लावणारा माणूस लागत होता. विसाव्या शतकातल्या भूसुरुंगाला तोही लागत नाही. ज्याचा पाय पडेल तोच बत्ती देणारा. गडचिरोलीच्या बातम्यांतला भूसुरुंग बहुतेकदा दुरून कुणीतरी तारेवर उडवलेला असतो. आंतरराष्ट्रीय बंदी आहे ती पायाखाली आपोआप उडणाऱ्यावर.

ती बंदी घालणारा करार १८ सप्टेंबर १९९७ रोजी ऑस्लोत मंजूर झाला, त्या डिसेंबरात ओटावात १२२ देशांनी त्यावर सह्या केल्या आणि १ मार्च १९९९ पासून तो लागू झाला. साठा चार वर्षांत नष्ट करायचा, पेरलेली जमीन दहा वर्षांत साफ करायची. हे सगळं पाळलं जातंय की नाही, हे बघणार कोण?

मसुदा घडत असतानाच यावर खडाजंगी झाली. जर्मनीला कडक तपासणी हवी होती आणि एप्रिल १९९७ मध्ये खास याच विषयावर बॉनजवळ तज्ज्ञांची बैठकही झाली. पण क्षेपणास्त्राचं कोठार उपग्रहाला दिसतं, एम-१४ जातीचा सुरुंग दिसत नाही. त्याचा व्यास ५६ मिलिमीटर. जवळजवळ सगळा प्लॅस्टिकचा, मुठीत मावणारा. असे हजारो एखाद्या गोदामाच्या कोपऱ्यात किंवा रानात पडले असतील, तर कुठला निरीक्षक मोजणार? शेवटी करारात स्पष्टीकरण मागण्याची आणि सत्यशोधन पथक पाठवण्याची सोय ठेवली गेली, पण रोजचा भार टाकला तो एका फॉर्मवर.

हा फॉर्म म्हणजे सातवं कलम. दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत प्रत्येक सदस्य देशाने तो संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे पाठवायचा. ‘ब’ तक्त्यात साठा: जात, संख्या, शक्य तर लॉट क्रमांकासह. ‘क’मध्ये पेरलेल्या जागा. ‘ड’मध्ये प्रशिक्षणासाठी राखून ठेवलेले नग. पुढे एका तक्त्यात प्रत्येक जातीची मापं, स्फोटकाचं प्रमाण, धातूचं प्रमाण, फ्यूज आणि रंगीत छायाचित्रसुद्धा. छायाचित्र कशाला? शेजारच्या देशातल्या सुरुंग काढणाऱ्या माणसाच्या सळईला उद्या हीच वस्तू लागली, तर ती त्याला ओळखता यावी म्हणून.

मला यातला ‘ड’ तक्ता सगळ्यात बोलका वाटतो. राखीव साठा अगदी गरजेपुरता असावा, म्हणजे शेकड्यांत किंवा फार तर हजारांत, दहा हजारांच्या पटीत नको, अशी वाटाघाटी करणाऱ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात काही देशांचा आकडा वर्षानुवर्षं तोच राहिला. प्रशिक्षणासाठी ठेवलेले सुरुंग प्रशिक्षणात वापरले जात नसतील, तर ते ठेवलेत कशाला? सहा वर्षं ‘किरकोळ खर्च’ या खात्यावर एकच रक्कम दिसली, तर आपल्या गावच्या पतपेढीचा हिशेबनीसही भुवया उंचावेल.

पण भुवया उंचावणारा कुणीतरी लागतो, आणि तो सरकारी नसलेला बरा. सरकारी फॉर्म ही पहिली वही. इथे दुसऱ्या वहीची कथा सुरू होते. १९९२ मध्ये सहा संस्थांनी मिळून बंदीची मोहीम उभारली. तिची समन्वयक जोडी विल्यम्स. तिला आणि मोहिमेला १९९७ चं शांततेचं नोबेल मिळालं. मोहिमेतल्या माणसांची हत्यारं पहिल्यापासून कागदीच होती. त्या सहांतल्याच एका संस्थेने १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ४७ कंपन्यांची नावं छापली. सुरुंगांत त्यांचे सुटे भाग जात होते. त्यांतल्या १७ कंपन्यांनी हात काढून घेतला. हाच हिसका १९९८ मध्ये मोहिमेने देशांना दाखवायचं ठरवलं आणि ‘लँडमाइन मॉनिटर’ जन्माला आला. अमेरिका, बेल्जियम, केनिया, कॅनडा आणि नॉर्वे इथल्या पाच संस्थांनी त्याची धुरा घेतली. मे १९९९ मध्ये मापुतोत सदस्य देशांची पहिली बैठक भरली, तेव्हा प्रतिनिधींसमोर हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ आला. त्यात प्रत्येकाला आपलं पान होतं. कराराबाहेरच्यांनाही.

कामाची रीत साधी आहे आणि चिवट. त्या-त्या देशातला संशोधक सरकारी फॉर्म घेतो, दवाखान्यांच्या नोंदी, स्थानिक वर्तमानपत्रं आणि जखमींची माहिती त्याला लावून बघतो. कुठे जुळत नाही ते लिहून काढतो आणि छापण्याआधी सरकारलाच विचारतो. मॉनिटर स्वतःला तपासणी यंत्रणा म्हणवत नाही, ते खरंच आहे. त्याच्या माणसाला कुठल्याही गोदामाचं कुलूप उघडता येत नाही. भारत करारात नाही, बैठकांना निरीक्षक म्हणून बसतो. त्यामुळे त्याचा फॉर्म येत नाही. मग आयुध निर्माणींच्या जाहीर निविदा वाचून उत्पादनाचा अंदाज बांधला जातो. आपल्याकडे निविदा इतक्या बारकाईने फक्त कंत्राटदार वाचतात.

वही काय करू शकते, ते येमेनमध्ये दिसलं. आपला साठा २००२ मध्ये नष्ट केल्याचं येमेनने कळवलं होतं. २०११ च्या उठावात सानाजवळच्या बनी जरमूझ भागात, लष्करी तळांच्या भोवती, सुरुंग सापडू लागले आणि गावकऱ्यांचे पाय जाऊ लागले. नष्ट झालेले सुरुंग आले कुठून? आधीचा कागद नसता, तर हा प्रश्नच विचारता आला नसता. नोव्हेंबर २०१३ मध्ये येमेनच्या पंतप्रधान कार्यालयाने कराराचा भंग झाल्याचं लेखी मान्य केलं. सैनिक पाठवले नव्हते, निर्बंध नव्हते. गेलेले पाय मात्र परत आले नाहीत.

पुढच्याच वर्षी, पुन्हा मापुतोतच, अशा प्रकरणांसाठी एक समिती नेमली गेली. तिचं नाव मराठीत आणायचं तर ‘सहकारी अनुपालन समिती’. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो, पण इथे अर्थ इतकाच, की चुकलेल्याला आधी दरडावायचं नाही, टेबलाशी बसवून विचारायचं. फॉर्म भरता येत नसेल तर भरायला मदत करायला जिनिव्हात २००१ पासून एक छोटं कार्यालय आहेच. गरीब देशांचे फॉर्म अडतात ते बहुधा लबाडीने नव्हे, माणसं नसल्यामुळे.

२०२५ मध्ये मात्र उलटी रांग लागली. रशियाच्या भीतीने एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंडने करार सोडत असल्याची नोटीस दिली. सहा महिन्यांची मुदत संपली की ३० एप्रिलचा फॉर्म त्यांना भरावा लागत नाही. मॉनिटरमधलं त्यांचं पान मात्र फाडलं जात नाही. ते सदस्यांच्या यादीतून उचलून बाहेरच्यांच्या यादीत, भारताच्या सोबतीला, जातं. आता लिथुआनियाच्या निविदाही कुणीतरी वाचत बसेल.