हरिकेन येत असताना लोक घरातच का थांबतात?

ऑक्टोबर 2024 मध्ये 'मिल्टन' हे हरिकेन अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याकडे सरकत होतं. घर सोडण्याचा आदेश असलेल्या भागात थांबलात तर मराल, असं टॅम्पाच्या महापौर जेन कॅस्टर यांनी टीव्हीवर थेट सांगितलं. त्याच वेळी फ्लोरिडातले लाखो लोक घरात बसून वादळाची वाट पाहत होते. त्यातल्या अनेकांना घर सोडायला कुणी सांगितलंच नव्हतं. हे कसं?

हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच. अटलांटिकमध्ये त्याला हे नाव आहे. वारे ताशी 178 किलोमीटर किंवा त्याहून वेगवान झाले, की ते 'मेजर', म्हणजे श्रेणी 3 ते 5 चं हरिकेन. पण ही श्रेणी फक्त वाऱ्यावरून ठरते. घर सोडायचं की नाही, हे मुख्यतः पाण्यावरून ठरतं. वादळ समुद्राचं पाणी जमिनीवर ढकलतं, त्याला स्टॉर्म सर्ज म्हणतात. म्हणून किनारी भागाचे ए, बी, सी असे झोन केलेले असतात. तुमचा झोन आदेशात असेल किंवा तुम्ही मोबाईल होममध्ये राहत असाल तर निघायचं. झोनबाहेर पक्कं घर असेल तर सहसा घरात थांबता येतं. निघालात तरी शेकडो मैल लांब जायची गरज नसते. पाणी येणार नाही एवढं दूर पुरतं.

मग आदेश असूनही लोक का अडतात? मिल्टनच्या वेळी अनेक पंपांवर पेट्रोल संपलं होतं. हॉटेलचा खर्च, म्हातारे आईवडील, पाळीव प्राणी हे वेगळंच. त्यात जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी 'हेलेन' येऊन गेलेलं. भिजलेल्या फर्निचरचे ढीग अजून रस्त्यावर होते. अशा माणसांना 'मूर्ख' म्हणणाऱ्या कमेंट्स लिहिणं सोपं आहे.

दुसरी अडचण नकाशाची. बातम्यांत दिसणारा तो शंकू वादळाचा आकार दाखवत नाही, त्याच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळाच शंकूत राहतं. टॅम्पा खाडीत 10 ते 15 फूट पाणी चढण्याचा अंदाज होता. मिल्टन 9 ऑक्टोबरच्या रात्री थोडं दक्षिणेला, सिएस्टा की इथे धडकलं आणि टॅम्पा खाडीतलं पाणी उलट ओसरलं. पण जवळच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये 18 इंचांहून जास्त पाऊस झाला. आणि वादळ पश्चिम किनाऱ्यावर पोहोचण्याच्या काही तास आधीच पूर्व किनाऱ्याकडच्या सेंट लूसी काउंटीत टॉर्नेडोनं सहा जणांचा जीव घेतला.

घरात थांबणारे मग काय करतात? फ्लशसाठी बाथटब भरून ठेवतात, फोन चार्ज करतात, खिडक्यांवर प्लायवूड ठोकतात. (काचेला चिकटपट्टी लावून काही होत नाही, हा जुना गैरसमज.) रात्री खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत बसतात. वारा ठरावीक वेगापुढे गेला की ॲम्ब्युलन्सही निघत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.

वादळाचा डोळा वरून जात असेल तर वारा अचानक थांबतो. तेव्हा बाहेर पडायचं नाही, थोड्या वेळात तो उलट्या दिशेनं परत येतो. वीज गेल्यावर जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये लावायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. वादळ गेल्यानंतरही त्यानं माणसं दगावतात.