डीएनए-दुरुस्ती एंझाइमे व मानवी रोग

कोशिकेतील (पेशीतील) डीएनए या आनुवंशिक द्रव्याचे बिघाड दूर करणाऱ्या एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) अभावामुळे किंवा दोषामुळे माणसात अनेक विकार उद्‌भवतात. ही एंझाइमे प्रथम सूक्ष्मजीवांत आढळली. माणसाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व मात्र एका विरळा त्वचारोगामुळे कळून आले.

१९४९ मध्ये अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे ॲल्बर्ट केल्नर यांना असे दिसून आले की, जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांनी निकामी झालेले सूक्ष्मजीव दृश्य प्रकाशात ठेवल्यास मोठ्या संख्येने पुन्हा वाढू लागतात. या क्रियेचे एंझाइम पुढे यीस्टमध्ये मिळाले; माणसात ते नसते. १९६४ मध्ये अंधारातही चालणारी दुसरी रीत जीवाणूंत उघडकीस आली. सेटलो व कॅरिअर, बॉइस व हॉवर्ड-फ्लँडर्स आणि पेटिजॉन व हॅनावॉल्ट या तीन गटांचे हे कार्य होय. या रीतीत शृंखलेचा बिघडलेला तुकडा कापून काढला जातो व समोरच्या शाबूत शृंखलेबरहुकूम रिकामी जागा भरली जाते. हिला उच्छेदन-दुरुस्ती म्हणतात.

झीरोडर्मा पिग्मेंटोझम हा रोग त्यापूर्वीच ज्ञात होता. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी १८७०–८० या दशकात त्याचे वर्णन केले. उन्हास उघड्या राहणाऱ्या त्वचेवर बालपणीच दाट ठिपके पडतात, ती रुक्ष होते आणि पुष्कळदा वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच तीवर कर्करोग उद्‌भवतो. सदोष जनुक माता व पिता या दोघांकडूनही आले, तरच हा रोग होतो. म्हणून रक्ताच्या नात्यात विवाह होणाऱ्या समाजांत तो अधिक आढळतो.

सॅन फ्रॅन्सिस्को येथील जेम्स क्लीव्हर यांचे लक्ष या रोगाकडे वेधले ते वृत्तपत्रातील एका लेखामुळे. निरोगी कोशिकांवर जंबुपार किरण सोडल्यास डीएनए-दुरुस्तीचे संश्लेषण सुरू होते. या रुग्णांच्या त्वचेतील कोशिकांत ते फारच अल्प होते, असे त्यांनी १९६८ मध्ये दाखविले. डीएनएतील बिघाड तसाच राहिल्यास कर्करोग होतो, या अनुमानास माणसातील भक्कम पुरावा अशा रीतीने मिळाला. १९७२ मध्ये रॉटरडॅम येथे बोट्स्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन भिन्न रुग्णांच्या कोशिका एकमेकींत मिसळल्या, तेव्हा काही जोड्यांत दुरुस्ती पूर्ववत झाली. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली, म्हणजेच दोष निरनिराळ्या जनुकांत होता. असे सात गट (ए ते जी) ठरले आहेत. आठव्या प्रकारात उच्छेदन-दुरुस्ती शाबूत असते. बिघडलेला भाग ओलांडून डीएनएची प्रत काढणारे एंझाइम त्यात नसते, हे १९९९ मध्ये समजले.

तथापि ‘दुरुस्ती नाही म्हणजे कर्करोग’ हे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही. १९३६ मध्ये एडवर्ड कॉकेन यांनी वर्णिलेल्या रोगात दुरुस्तीची एक शाखा बंद पडलेली असते, त्वचा उन्हास हळवी असते, वाढ खुंटते व अकाली वार्धक्य दिसते. पण कर्करोगाचे प्रमाण वाढत नाही. ज्या जनुकांचे वाचन चालू आहे, त्यांची अग्रक्रमाने दुरुस्ती करणारी ही शाखा आहे. ती नसल्यास कोशिका बहुधा उत्परिवर्तित होण्याऐवजी मरतात, असे स्पष्टीकरण दिले जाते.

बृहदांत्राच्या एका आनुवंशिक कर्करोगाचा (लिंच लक्षणसमूहाचा) संबंध डीएनएची प्रत काढताना झालेल्या चुका सुधारणाऱ्या प्रथिनांशी असल्याचे १९९३ मध्ये सिद्ध झाले. दुरुस्तीच्या यंत्रणांवरील कार्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ सँजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

झीरोडर्मा पिग्मेंटोझमवर मूलगामी उपाय नाही. जीवाणुभक्षी व्हायरसातील दुरुस्ती एंझाइम मलमातून त्वचेस लावल्यास कर्कपूर्व विकार घटतात, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. पण तो उपचार सर्वसाधारण वापरात आलेला नाही. ऊन कटाक्षाने टाळणे, खिडक्यांच्या काचांतून येणारे जंबुपार किरणही अडविणे आणि त्वचा व डोळे वारंवार तपासून घेणे, एवढेच हाती उरते. त्यामुळे त्वचा पुष्कळ वाचते. परंतु सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांत होणारा तंत्रिका तंत्राचा (मज्जासंस्थेचा) ऱ्हास त्यामुळे थांबत नाही.