सिलिकॉन व्हॅलीतील राजकीय एकमत आणि फूट

सिलिकॉन व्हॅलीतील राजकीय एकमत आणि फूट : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठाने पसरलेल्या संगणक व इंटरनेट उद्योगात राजकीय मतांबाबत रूढ झालेला अलिखित दंडक, त्यापायी पाळले जाणारे मौन आणि त्यातून वेळोवेळी उफाळलेले संघर्ष. साधारणतः २०१४ ते २०२५ हा या संघर्षांचा उघड काळ होय. ‘व्हॅली डावी आहे’ आणि ‘व्हॅली आता उजवी झाली’ ही दोन्ही विधाने वृत्तपत्रांतून सर्रास आढळतात. दोन्ही अपुरी आहेत. कोणते मत तेथे मोठ्याने बोलता येते हे पक्षावरून कमी आणि त्या घडीला नोकरदाराचे पारडे जड आहे की मालकाचे, यावरून अधिक ठरत आले आहे.

पूर्वपीठिका : हा उद्योग संरक्षण खात्याच्या पैशावर वाढला. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर (स्थापना १९५७) या कंपनीचे सुरुवातीचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मिनिटमन क्षेपणास्त्र प्रकल्प. ह्यूलेट-पॅकार्डचे एक संस्थापक डेव्हिड पॅकार्ड हे निक्सन यांच्या कारकिर्दीत १९६९ ते १९७१ उपसंरक्षणमंत्री होते. व्हॅलीचा गाभा असलेल्या सँटा क्लारा काउंटीने १९८४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन रेगन यांना कौल दिला होता. याच परिसरात साठोत्तरी बंडखोर तरुणाईचाही अड्डा होता. स्ट्युअर्ट ब्रँड यांचा ‘होल अर्थ कॅटलॉग’ १९६८ चा, तर मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये भरलेली होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक १९७५ ची. सरकारी कंत्राट आणि सरकारविषयीचा तिटकारा असा हा संसार. रिचर्ड बारब्रुक व अँडी कॅमरन या ब्रिटिश लेखकांनी १९९५ मध्ये ‘कॅलिफोर्नियन आयडिऑलॉजी’ या निबंधात या जोडीवर नेमके बोट ठेवले.

नव्वदच्या दशकापासून मतपेटीतले चित्र एकतर्फी होत गेले. २०१६ मध्ये डॉनल्ड ट्रम्प यांना सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे ९ टक्के आणि सँटा क्लारा काउंटीत सुमारे २१ टक्के मते मिळाली. पण मतदान म्हणजे सगळे मत नव्हे. डेव्हिड ब्रूकमन, ग्रेगरी फेरेनस्टाइन आणि नील मल्होत्रा यांनी २०१७ मध्ये सहाशेहून अधिक तंत्रउद्योजकांची पाहणी केली. श्रीमंतांवर जास्त कर, सर्वांना आरोग्यसेवा, समलिंगी विवाह, स्थलांतरितांना मोकळी वाट या मुद्द्यांवर हे उद्योजक पक्के डेमोक्रॅट निघाले. उद्योगांवरील नियंत्रणे, कामगार संघटनांचा प्रभाव, कर्मचाऱ्याला कामावरून काढण्याची मुभा हे विषय निघताच त्यांची उत्तरे रिपब्लिकन देणगीदारांच्या जवळ गेली. कर भरू, पण आमच्या कारखान्यात कुणी डोकावू नये, असा हा पवित्रा. पुढच्या घडामोडींची किल्ली याच पाहणीत आहे, आणि तिच्याकडे म्हणावे तितके लक्ष गेले नाही.

आइक प्रकरण : जावास्क्रिप्ट या संगणकभाषेचे जनक ब्रेंडन आइक यांची २४ मार्च २०१४ रोजी फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली आणि ३ एप्रिलला त्यांनी पद सोडले. कारण सहा वर्षांपूर्वीची १,००० डॉलरची देणगी. समलिंगी विवाहावर बंदी घालणाऱ्या ‘प्रपोझिशन ८’ या सार्वमताच्या प्रचाराला त्यांनी २००८ मध्ये ती दिली होती. कॅलिफोर्नियात १०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीदाराचे नाव, व्यवसाय आणि मालकाचे नाव जाहीर होते. आइक यांच्या नावापुढे मोझिला असे छापलेले होते. ओकेक्युपिड या विवाह-मैत्री जुळवणाऱ्या संकेतस्थळाने फायरफॉक्स वापरणाऱ्या आपल्या गिऱ्हाइकांना दुसरा ब्राउझर घेण्याची विनंती केली, तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेले. २००८ मध्ये ते सार्वमत सुमारे ५२ टक्के मतांनी संमत झाले होते आणि तेव्हा खुद्द बराक ओबामाही समलिंगी विवाहाला जाहीर पाठिंबा देत नव्हते. राज्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांचे मत सहा वर्षांत प्रमुखपदाला अपात्र ठरवणारे झाले, हा वेग येथे महत्त्वाचा. उलट बाजूही तेवढीच खरी : ज्यांचे विवाह त्या सार्वमताने रोखले, त्यांनी त्याच माणसाच्या हाताखाली काम करायचे होते.

डॅमोर यांचे टिपण : या विषयातील सर्वाधिक चर्चिलेले प्रकरण गूगलमधील आहे. जेम्स डॅमोर या अभियंत्याने जुलै २०१७ मध्ये दहा पानी टिपण लिहून कंपनीअंतर्गत गटांत फिरवले. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र शिवलेल्या होत्या. एक, कंपनीत डावे मत हेच गृहीत धरले जाते आणि इतरांना तोंड मिटून राहावे लागते ही तक्रार. दुसरी, अभियांत्रिकीत स्त्रिया कमी असण्यामागे काही अंशी सरासरी जैविक फरक असू शकतो हा दावा. त्या वर्षी गूगलच्या तांत्रिक पदांवर स्त्रियांचे प्रमाण २० टक्के होते आणि स्त्रियांना कमी वेतन दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेचे कामगार खाते कंपनीच्या मागे लागलेले होते. अशा वेळी हे टिपण ५ ऑगस्टला बाहेर फुटले आणि ७ ऑगस्टला डॅमोर यांना काढले गेले.

गूगलचे प्रमुख सुंदर पिचई यांनी कर्मचाऱ्यांना लिहिले की टिपणातील बऱ्याच भागावर चर्चा होऊ शकते, मात्र स्त्रियांविषयीच्या घातक ठोकळेबाज कल्पना पुढे रेटणारा भाग आचारसंहितेत बसत नाही. १० ऑगस्टला सर्व कर्मचाऱ्यांची सभा ठरली होती. गूगलमध्ये अशा सभेआधी अंतर्गत प्रणालीवर प्रश्न मांडायचे आणि इतरांनी मते देऊन ते वर चढवायचे अशी पद्धत होती. ते प्रश्न, विचारणाऱ्यांच्या नावांसकट, बाहेर गेले. काहींना इंटरनेटवर त्रास सुरू झाला आणि सभा ऐनवेळी रद्द करावी लागली. मतभेदाची चर्चा घडवणारे यंत्रच अशा रीतीने बंद पडले. जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या वकिलाने डॅमोर यांची बडतर्फी कायद्यात बसते असा अभिप्राय दिला. डॅमोर यांनी गूगलविरुद्ध लावलेला दावा २०२० मध्ये निकालात निघाला.

टिपणातील जीवशास्त्र कच्चे होते असे अनेक तज्ज्ञांनी म्हटले, काहींनी त्यातील संशोधनाचे दाखले बरोबर असल्याचेही सांगितले. मौनाविषयीची तक्रार मात्र फारशी तपासली गेली नाही. ती करणाऱ्याला टिपण फुटल्यावर दोन दिवसांत घरी बसवल्यामुळे तपासण्याची गरजच उरली नाही, असे त्याच्या समर्थकांना वाटले तर नवल नाही.

मौनाची घडण : अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कंपनीला नाही. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेत कर्मचाऱ्याच्या राजकीय हालचालींवर मालकाने नियंत्रण ठेवू नये अशी कलमे १९३७ पासून आहेत. पण नोकरी बहुधा कोणत्याही क्षणी, कारण न देता संपवता येते. त्यात बढतीसाठी सहकाऱ्यांचे अभिप्राय लागतात, पुढची नोकरी ओळखीतून मिळते, जेवणखाण आणि मैत्री कंपनीच्या आवारातच होते. पगाराचा मोठा हिस्सा शेअरच्या रूपाने वर्षावर्षाने हाती पडतो. मग पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?

एच-१बी व्हिसावरील अभियंत्याची गत आणखी बिकट. नोकरी गेली तर नवा मालक शोधायला त्याला ६० दिवस मिळतात, आणि या व्हिसाच्या मंजुऱ्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीय असतात. पुण्या-मुंबईहून गेलेली हजारो मराठी मुले-मुली याच रांगेत आहेत. मतदानाचा हक्क नाही, ग्रीन कार्ड कधी मिळेल याचा भरवसा नाही, घराचे हप्ते चालू. कंपनीतील राजकीय वादांत हा वर्ग क्वचितच दिसतो. त्याला मते नाहीत असा याचा अर्थ लावणे चूक आहे; त्याने आळीमिळी गुपचिळी पत्करली आहे.

कर्मचाऱ्यांचा जोर : २०१८ हे वर्ष कर्मचाऱ्यांचे. ड्रोनच्या चित्रफितींचे विश्लेषण करणाऱ्या ‘प्रोजेक्ट मेव्हन’ या लष्करी कंत्राटाविरुद्ध गूगलमधील तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी पत्रावर सह्या केल्या. जूनमध्ये कंपनीने कंत्राट पुढे न वाढवण्याचे जाहीर केले आणि शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणार नाही असे वचनही दिले. लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झालेल्या एका माजी अधिकाऱ्याला ९ कोटी डॉलर देऊन निरोप दिल्याचे उघड झाले, तेव्हा १ नोव्हेंबरला जगभरातील सुमारे २०,००० कर्मचारी कार्यालयांबाहेर पडले. अभियंता मिळणे दुरापास्त असलेल्या त्या काळात त्याची नाराजी कंपनीला परवडत नव्हती.

मालकांनी बांध घालायला सुरुवात केली ती २०१९-२० पासून. गूगलने ऑगस्ट २०१९ मध्ये कामाच्या वेळी राजकीय वाद टाळण्याच्या सूचना काढल्या आणि नोव्हेंबरमध्ये सर्वसभा मासिक केली. क्रिप्टो चलनांची उलाढाल करणाऱ्या कॉइनबेसचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी सप्टेंबर २०२० मध्ये कंपनी केवळ आपल्या कामाचे बघेल असे जाहीर करून, न पटणाऱ्यांना भरपाई घेऊन जाण्याची मुभा दिली. सुमारे ६० जण, म्हणजे ५ टक्के, गेले.

बेसकॅम्प या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतील घटना अधिक बोलकी आहे. तेथील गिऱ्हाईक-सेवेतील मंडळींनी गमतीशीर वाटणाऱ्या ग्राहकांच्या नावांची यादी वर्षानुवर्षे ठेवली होती. त्यात आशियाई आणि आफ्रिकी नावेही होती. ही थट्टा कुठवर जाते यावर कर्मचाऱ्यांत वाद पेटला, आणि संस्थापकांनी २६ एप्रिल २०२१ रोजी कंपनीच्या अंतर्गत प्रणालीवर सामाजिक-राजकीय चर्चेलाच बंदी केली. थोड्याच दिवसांत सत्तावन्नपैकी जवळजवळ एकतृतीयांश कर्मचारी सोडून गेले. यादीचा वाद कंपनीच्या दैनंदिन कामातून उपजलेला होता. ज्याच्या नावाला लोक हसतात त्याने ‘हे राजकारण आहे, येथे नको’ हे ऐकून घ्यावे, अशी अपेक्षा त्या बंदीत दडलेली होती.

पारडे फिरते : नोव्हेंबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी नुकतीच विकत घेतलेल्या ट्विटरमधील सुमारे निम्म्या लोकांना काढले. त्याच महिन्यात मेटाने ११,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० जणांची कपात केली. ले-ऑफच्या या लाटेनंतर बोलण्याची किंमत बदलली. इस्रायल सरकारसोबतच्या ‘निंबस’ कंत्राटाविरुद्ध एप्रिल २०२४ मध्ये गूगलच्या न्यूयॉर्क आणि सनीव्हेल येथील कार्यालयांत ठिय्या देणाऱ्यांपैकी २८ जणांना लगेच काढले गेले आणि काही दिवसांत हा आकडा पन्नासच्या आसपास पोहोचला. कंपनी तीच होती आणि आक्षेपाचा प्रकारही सहा वर्षांपूर्वीच्या मेव्हन प्रकरणासारखाच होता, जरी तेव्हा सह्या होत्या आणि आता ठिय्या.

वरच्या मजल्यावर २०१६ मध्ये गुंतवणूकदार पीटर थील हे ट्रम्प यांचे जवळजवळ एकटे नामांकित समर्थक होते. जुलै २०२४ मध्ये मस्क आणि गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन व बेन होरोविट्झ ट्रम्प यांच्या बाजूने उघड उभे राहिले. मस्क यांनी त्या निवडणुकीत २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. लिंक्डइनचे सहसंस्थापक रीड हॉफमन आणि पुण्यात जन्मलेले गुंतवणूकदार विनोद खोसला हे विरुद्ध बाजूला राहिले. अँड्रीसन यांनी २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला होता. बाजू बदलताना त्यांनी दिलेली कारणे क्रिप्टोवरील नियंत्रणे, कृत्रिम बुद्धिमत्तेवरील प्रस्तावित निर्बंध आणि न विकलेल्या शेअरच्या नफ्यावरील प्रस्तावित कर ही होती. २०१७ च्या पाहणीत तंत्रउद्योजक नियंत्रणांच्या प्रश्नावर कुठे उभे होते हे आठवले, तर याला मतपरिवर्तन म्हणणे धाडसाचे ठरेल. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने अमेरिकेतील तथ्यतपासणी आणि विविधताविषयक कार्यक्रम गुंडाळले. फेब्रुवारीत गूगलने शस्त्रांविषयीचे २०१८ चे वचन आपल्या तत्त्वांतून काढून टाकले.

जातीचा प्रश्न : अमेरिकी डाव्या-उजव्या चौकटीत न बसणारी फूट भारतीयांनी सोबत नेली. कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याने जून २०२० मध्ये सिस्को कंपनीवर एका दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याचा दावा लावला. दोन वरिष्ठ अभियंत्यांवरील आरोप २०२३ मध्ये मागे घेण्यात आले, कंपनीवरील दावा चालू राहिला. एप्रिल २०२२ मध्ये गूगलमध्ये जातिविषयक व्याख्यान ठरले होते. वक्त्या हिंदुद्वेष्ट्या असल्याचे ई-मेल वरिष्ठांकडे गेले, या विषयाने आपल्या जिवाला धोका असल्याचेही काहींनी म्हटल्याच्या बातम्या आल्या आणि व्याख्यान रद्द झाले. ‘आम्हाला असुरक्षित वाटते’ हा डॅमोर प्रकरणात स्त्रियांनी मांडलेला मुद्दा येथे जातिभेदाची चर्चा थांबवण्यासाठी कामी आला. ॲपल आणि आयबीएम यांनी मात्र आपल्या नियमांत जातीचा स्पष्ट उल्लेख केला.

सिॲटल नगरपरिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सहा विरुद्ध एक मतांनी जातिभेदावर बंदी घातली. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत या पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या आणि मुंबई विद्यापीठात संगणकशास्त्र शिकलेल्या माजी सॉफ्टवेअर अभियंता. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरानेही तशी बंदी केली. राज्य सिनेटर आयेशा वहाब यांनी मांडलेले याच आशयाचे विधेयक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केले होते. जातिभेदाला सध्याच्या कायद्यांनुसार आधीच मनाई आहे, हे कारण देऊन डेमोक्रॅट गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी ते नाकारले.