२४ फेब्रुवारी : लक्ष्मीबाई टिळक स्मृतिदिन

'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक यांचे १९३६ मध्ये आजच्या दिवशी निधन झाले.

नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला आणि सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. लहानग्या मुलासह, दत्तूसह, काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या, तरी धर्म लगेच बदलला नाही. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच छडा लावला. मगच १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ही श्रद्धा उसनी नव्हती!

अहमदनगरच्या त्यांच्या घरात बालकवींनाही माया मिळाली. पतीमागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनीच पुरे केले.

शाळांनी आज 'स्मृतिचित्रे'तली दोन पाने वर्गात मोठ्याने वाचावीत.