एप्रिल 1990, सेक्टर-6

भिलाई पॉवर हाऊसला तुम्ही गाडीतून उतरता, तेव्हा पाट्यांवर अजून मध्य प्रदेश आहे. सेक्टर-6 ला पोचेस्तोवर अंधारतं. पोलाद कारखान्याकडे गरम स्लॅग ओतला की आभाळ लाल होतं.

क्वार्टरच्या अंगणात बाजेवर 8 महारचा एक हवालदार बसलाय. भाऊ रेल मिलमध्ये, त्याच्याकडे सुट्टीवर आलाय. आपल्या शांती सेनेची शेवटची तुकडी 24 मार्चला श्रीलंकेतून निघाली, महिनाही झालेला नाही.

"बसा भाऊ." तो चहा बशीत ओततो, फुंकर घालतो, पण पीत नाही.

"ऑक्टोबर 87. 11 तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठात शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जण हेलिकॉप्टरनं उतरवले. मागची कुमक उतरूच शकली नाही. एकोणतीस गेले, एक पकडला. आमच्याकडे एसएलआर, तमिळ वाघांकडे एके-47. अन् त्या पोरांना आधी ट्रेनिंग कोणी दिलं? आपणच ना!"

मग आवाज बदलतो. नोव्हेंबरातल्या एका रात्री त्याच्याच पलटणीतल्या मेजर परमेश्वरन यांच्या तुकडीवर घात लावून हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली, तरी साहेबांनी समोरच्याचीच रायफल हिसकावून त्याला पाडलं. परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर.

"असल्या साहेबाला मी काय बोलू? राग आहे तो दिल्लीत नकाशावर बोट ठेवणाऱ्यांवर. जुलैत श्रीलंकेशी करार झाला, शांती राखायला पाठवलं. मग लढायचं कोणाशी, हे कळायला ऑक्टोबर का उजाडला?"

अकराशेहून जास्त जवान गेले. हवालदाराचा हिशेब मात्र निराळाच. रशियन इंजिनियर इथं ड्रॉइंग घेऊन आले, भट्टी उभी केली, 1959 ला ती पेटली. परक्या मुलुखात असं जावं, म्हणतो. त्याच रशियाची पोरं गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत अफगाणिस्तानातून हात हलवत परतली, हेही त्यानं रेडिओवर ऐकलंय. मला त्याचा हा हिशेब बऱ्याच लष्करी ग्रंथांपेक्षा जास्त पटतो.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचं काय होणार, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गप्प राहता.

"मोठे साहेब कधी बोलतील का हो?"

तुमच्या तोंडून निसटतं: हरकिरत सिंग, त्याच्या डिव्हिजनचे जनरल, पुस्तक लिहितील. 2007 साली. वरिष्ठांवर आणि भारतीय उच्चायुक्तालयावर चांगलेच बरसतील.

"म्हणजे पेन्शन लागल्यावर," तो म्हणतो.