नायजर नदी

पश्चिम आफ्रिकेतील सर्वांत मोठी नदी. लांबी सुमारे 4,180 किमी. नाईल व काँगो यांच्या खालोखाल आफ्रिका खंडात हिचा क्रम लागतो. गिनी देशाच्या आग्नेय भागात, सिएरा लिओनच्या सरहद्दीलगतच्या डोंगराळ मुलखात ती उगम पावते. तेथून अटलांटिक महासागर जेमतेम 240 किमी. अंतरावर असताना त्याच्याकडे पाठ फिरवून ती ईशान्येस सहाराच्या रोखाने निघते आणि माली व नायजर या देशांतून, बेनिनच्या सीमेवरून व अखेर नायजेरियातून प्रचंड वळसा घेत त्याच महासागराच्या गिनी आखातास मिळते. या विक्षिप्त मार्गाची उपपत्ती भूशास्त्रज्ञ अशी लावतात की, मुळात हे दोन स्वतंत्र प्रवाह असून, त्यांपैकी वरचा सहाराच्या कडेला एका अंतर्गत सरोवरात विलीन होत असे, तर खालचा वाळवंटातील डोंगरांतून निघून दक्षिणेस वाहत असे. कालांतराने त्यांचा संयोग झाला.

वरच्या प्रवाहाच्या त्या जुन्या मुक्कामाची खूण मालीतील अंतर्गत त्रिभुज प्रदेशात आजही दिसते. सेगूच्या पुढे भूमीचा उतार इतका मंदावतो की, नदी असंख्य फाट्यांत विभागते, मोप्ती येथे बानी ही उपनदी तिला मिळते आणि पुराच्या महिन्यांत सभोवारचा सपाट प्रदेश जलमय होतो. बोझो कोळी, भातशेती करणारे गावकरी आणि पूर ओसरताच गुरांचे कळप कुरणांत उतरवणारे फुलानी पशुपालक या तिघांचाही चरितार्थ याच पाण्यावर चालतो. आफ्रिकी भाताची लागवडही याच परिसरात प्राचीन काळी सुरू झाली, असे मानले जाते. नदीच्या उत्तर वळणावर तिंबक्तू व गाओ ही नगरे वसली. सहारातून उंटांच्या तांड्यांनी आणलेले मीठ आणि दक्षिणेकडील सोने यांच्या व्यापारावर ती भरभराटीस आली. त्यांपैकी गाओ ही सोंघाई साम्राज्याची राजधानी होती.

अंतर्गत त्रिभुज प्रदेशाच्या दलदलीत पाण्याचा फार मोठा हिस्सा बाष्परूपाने नष्ट होतो, गाळही तेथेच बसतो आणि उरलेले पाणी महिनोन् महिने रेंगाळते. परिणामी पुढे नायजर देशातील न्यामे येथे नदीस दोन पूर येतात : पहिला स्थानिक पावसाचा, तांबड्या मातीने गढुळलेला, सप्टेंबरच्या सुमारास; आणि दुसरा गिनीच्या डोंगरांतील त्याच वर्षाच्या पावसाचा, पण डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे भर कोरड्या ऋतूत, पोहोचणारा. नद्यांच्या वर्तनात याहून चमत्कारिक प्रकार क्वचितच आढळेल.

नदी कोणत्या दिशेस वाहते, याविषयी युरोपीय भूगोलवेत्त्यांत शतकानुशतके मतभेद होता. सोळाव्या शतकातील लिओ आफ्रिकानस याने तर ती पश्चिमेस वाहते असे लिहून ठेवले. 1796 साली मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने सेगू येथे ती पूर्वेस वाहताना प्रत्यक्ष पाहिली, पण तिचे मुख शोधण्याच्या दुसऱ्या मोहिमेत, 1806 मध्ये, बुसा येथील धावत्यांत त्याचा अंत झाला. ते काम 1830 मध्ये रिचर्ड व जॉन लँडर या बंधूंनी पुरे केले. तथापि हिवतापाच्या भयाने अंतर्भागातील युरोपीय दळणवळण दीर्घकाळ अडून राहिले. बैकी या स्कॉटिश प्रवाशाच्या 1854 च्या मोहिमेत क्विनीनच्या नियमित सेवनामुळे एकही माणूस तापाने दगावला नाही, आणि त्यानंतर व्यापारी कंपन्यांचा, पाठोपाठ ब्रिटिशांचा, अंमल खालच्या खोऱ्यात बसला.

नायजेरियात लोकोजा येथे कॅमेरूनमधून येणारी बेन्वे ही सर्वांत मोठी उपनदी मिळते. पुढे नून, फोर्काडोस इत्यादी मुखांनी नदी खारफुटीच्या अरण्यातून समुद्रास मिळते. एकोणिसाव्या शतकात पाम तेलासाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रदेशात 1956 साली ओलोइबिरी येथे खनिज तेल सापडले. त्याने नायजेरियाचा खजिना भरला, मात्र तेलगळतीने खाड्यांतील मासेमारीची अपरिमित हानी झाली, आणि या व्यवहारात स्थानिक रहिवाशांच्या पदरी न्याय पडला असे म्हणता येत नाही.

मालीतील मार्काला बंधारा (1947) सिंचनासाठी, तर नायजेरियातील कैंजी धरण (1968) मुख्यतः विजेसाठी बांधले गेले. जुने बुसा गाव कैंजीच्या जलाशयात बुडाले. खोऱ्यातील नऊ देशांनी 1980 मध्ये नायजर खोरे प्राधिकरण स्थापन केले असून त्याचे मुख्यालय न्यामे येथे आहे.