पर्शेरॉन धमनीचा मस्तिष्काघात

पर्शेरॉन धमनीचा मस्तिष्काघात हा मेंदूतील थॅलॅमस या भागाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी बाधा पोहोचवणारा दुर्मीळ स्ट्रोक आहे. रक्तपुरवठा खंडित होऊन होणाऱ्या मस्तिष्काघातांत त्याचे प्रमाण सुमारे ०.१ ते २ टक्के मानले जाते. मराठीत मस्तिष्काघातास सर्रास पक्षाघात, अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतात. या प्रकारात मात्र अनेकदा शरीराची कोणतीही बाजू लुळी पडत नाही. रुग्ण केवळ गुंगीत जातो. त्यामुळे निदानास विलंब होण्याची शक्यता मोठी असते.

शरीररचना

थॅलॅमस हा मेंदूच्या मध्यभागी असलेला जोड अवयव संवेदनांचे वहन, जागृतावस्था आणि स्मृती यांच्याशी संबंधित आहे. सामान्यतः त्याच्या मध्यालगतच्या प्रत्येक भागास त्या-त्या बाजूच्या पश्च मस्तिष्क धमनीतून निघणाऱ्या सूक्ष्म धमन्या रक्त पुरवतात. काही व्यक्तींत मात्र एकाच बाजूने निघालेली एक धमनी पुढे दुभंगून दोन्ही बाजूंना रक्त देते. फ्रेंच वैद्यक जेरार पर्शेरॉन यांनी १९७० च्या दशकात या रचनाभेदांचे वर्णन केले. त्यावरून धमनीस हे नाव मिळाले. ही रचना स्वतः आजार नव्हे. मात्र ती धमनी बंद पडल्यास दोन्ही थॅलॅमसची आणि अनेकदा मध्यमेंदूच्या वरच्या भागाची हानी होते.

कारणे

हृदयातून वाहत आलेली रक्ताची गुठळी हे प्रमुख कारण आहे. उच्च रक्तदाब व मधुमेह यांमुळे सूक्ष्म धमन्या अरुंद होणे हे दुसरे कारण होय.

लक्षणे

अचानक येणारी गुंगी किंवा बेशुद्धी, डोळे वर-खाली फिरवता न येणे आणि स्मृतिदोष ही तीन लक्षणे वैशिष्ट्यपूर्ण आहेत. मात्र ती प्रत्येक रुग्णात एकत्र आढळतातच असे नाही. मध्यमेंदू बाधित असल्यास पापणी खाली पडणे किंवा बाहुल्या असमान होणे संभवते.

निदान

चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे व बोलणे अडखळणे यांवर आधारित नेहमीची चाचणी येथे निरुपयोगी ठरू शकते. सुरुवातीच्या तासांत सीटी स्कॅनही निर्दोष दिसू शकतो. एमआरआयमधील विसरण प्रतिमा निदानासाठी सर्वांत उपयुक्त असते. तीत दोन्ही थॅलॅमसमध्ये मध्यरेषेलगत उजळ डाग दिसतात. मध्यमेंदूच्या पुढील कडेवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी उजळ खूण दिसल्यास निदानास बळकटी मिळते. ही धमनी इतकी बारीक असते, की रक्तवाहिन्यांच्या चित्रणात ती न दिसल्याने आजार नाकारता येत नाही. मेंदूच्या खोल शिरांतील गुठळी, आधार धमनीच्या टोकाचा अवरोध, थायमिनच्या अभावाने होणारा वेर्निके विकार व मेंदूज्वर यांपासून हा आजार वेगळा ओळखावा लागतो.

दुर्गम भागातील निदान

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा हा सातपुड्यात पसरलेला, गुजरातला लागून असलेला आदिवासीबहुल तालुका आहे. अशा भागात बेशुद्ध रुग्ण आल्यास मेंदूचा मलेरिया, मण्यार सापाचा दंश, मद्याचा अंमल आणि रक्तातील साखर घटणे या शक्यता प्रथम तपासणे योग्यच असते. मण्यारीच्या विषानेही पापण्या पडतात. मात्र त्यात पुढे हातपाय व श्वसनाचे स्नायू दुर्बल होत जातात. साखर योग्य असून ताप नसेल, गुंगी एकाएकी आली असेल आणि नजर वर-खाली फिरत नसेल, तर मस्तिष्काघाताचा संशय घेऊन रुग्णास एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात हलवणे आवश्यक ठरते. रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला, ती वेळ नातेवाइकांकडून विचारून नोंदवावी लागते. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल आजार मस्तिष्काघाताचा एकूण धोका वाढवतो. म्हणून त्याचीही चौकशी महत्त्वाची असते.

उपचार व परिणाम

सीटी स्कॅनने रक्तस्राव नाकारल्यानंतर, लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, योग्य रुग्णास गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देता येते. वेळ टळल्यास गुठळी पुन्हा होऊ नये यासाठी औषधे व मूळ कारणावर उपचार केले जातात. मध्यमेंदू बाधित नसलेले रुग्ण तुलनेने चांगले सुधारतात. शुद्ध परत आल्यावरही स्मृतिदोष, निरुत्साह व अतिझोप दीर्घकाळ टिकू शकतात.